बिबट्या गेकोचा बाह्य जठराग्नी

पाळीव प्राण्यांच्या पोटाच्या तक्रारींचा विचार करताना कुत्रा आणि मांजर यांना आधीच बाजूला काढावे लागते, कारण आपल्या दुखण्याचा गवगवा करण्याची कला या दोघांनाही उपजतच अवगत असते. कुत्रा ओकतो तो नेमका नव्या गालिच्यावर आणि मांजर ओकते ते धन्याच्या चपलेत, त्यामुळे निदानाला उशीर झाला तरी दुखण्याची वार्ता मात्र वेळेवर पोहोचते. बिबट्या गेको या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जेमतेम वीतभर लांबीच्या ठिपकेदार पालीची गोष्ट निराळी आहे. पोट बिघडले असता हा प्राणी काहीही करीत नाही, आणि पोट उत्तम असतानाही तो बहुधा काहीच करीत नसल्यामुळे, या दोन अवस्थांमधला भेद ओळखणे हे त्याच्या मालकाचे मुख्य बौद्धिक कार्य होऊन बसते. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील पुष्कळ घरांतून हे कार्य अत्यंत गांभीर्याने चालू असते, आणि निरोगी गेको पंधरा ते वीस वर्षे सहज जगत असल्यामुळे त्यातून लवकर निवृत्त होण्याचीही सोय नसते.

हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि त्यांना लागून असलेल्या भारताच्या वायव्य भागातील कोरड्या, खडकाळ टेकड्यांमधला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि पुढे परदेशांतल्या हौशी लोकांनी पिंजऱ्यातच त्याच्या इतक्या पिढ्या वाढवल्या की, आज ओहायोतल्या एखाद्या मुलाच्या खोलीत राहणाऱ्या गेकोला आपल्या पूर्वजांच्या टेकड्यांची कसलीही ओळख उरलेली नाही. मराठी घरातल्या भिंतीवरच्या पालीशी त्याचे नाते असले तरी ते दूरचे आहे. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, याला असतात, त्यामुळे तो डोळे मिटून झोपू शकतो आणि जागेपणी मालकाकडे पाहून डोळे मिचकावू शकतो, ज्याचा अर्थ मालक आपापल्या स्वभावानुसार लावतात. त्याच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसल्यामुळे काचेवर चढणेही त्याला जमत नाही. यापेक्षा महत्त्वाचा फरक असा की, मराठी घरातली पाल ट्यूबलाइटच्या मागे राहून फुकटचे किडे खाते, तिचे पोट साफ झाले की नाही हे भिंतीच्या रंगावरून आपोआप समजते, आणि त्याची चिंता रंगारी सोडून कोणालाही वाटत नाही. पाल अंगावर कोठे पडली असता कोणते फळ मिळते हे सांगणारे पल्लीपतनाचे कोष्टक पंचांगात छापलेले असते, परंतु खुद्द पालीला अपचन झाल्यास काय करावे याविषयी पंचांगकर्ते गप्प आहेत. बिबट्या गेकोचे जवळचे नातलग आपल्याकडेही आहेत, आणि सातपुड्याचे नाव धारण करणारी त्यातली एक जात २०१४ मध्ये शास्त्राच्या दप्तरी दाखलही झाली. पण तिच्या कोठ्याची विचारपूस करायला रानात कोणी जात नाही आणि तिचेही त्यावाचून काही अडत नाही.

पाळलेल्या गेकोचे मात्र पदोपदी अडते, आणि त्याचे कारण त्याच्या रक्तात आहे. सरपटणारे प्राणी शीतरक्ताचे असतात असे शाळेत शिकवतात. त्याचा खरा अर्थ असा की, मनुष्य किंवा उंदीर खाल्लेले अन्न जाळून आपल्या शरीराची ऊब स्वतः निर्माण करतो, तर पालीसारख्या प्राण्याला ती बाहेरून उसनी घ्यावी लागते. पचनासाठी लागणारे पाचकरस ठरावीक उष्णतेतच नीट काम करतात आणि आतड्यांची हालचालही उष्णतेवर अवलंबून असते, म्हणून टेकड्यांवरचा गेको दिवस मावळल्यावर बाहेर पडतो तेव्हा दिवसभर तापलेल्या दगडावर पोट टेकून बसतो आणि दगडाकडून आपले जेवण पचवून घेतो. काचेच्या पेटीत दगड तापवायला सूर्य नसल्यामुळे तेथे पेटीच्या एका टोकाखाली विजेवर तापणारी पातळ पट्टी बसवतात, तिला तापमान आवरणारा थर्मोस्टॅट जोडतात, आणि गरम बाजूची जमीन साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस व थंड बाजू २५ अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे प्राण्याला आपल्या सोयीने इकडून तिकडे जाता येते. आयुर्वेदाने बहुतेक सगळ्या रोगांचे मूळ मंदावलेल्या जठराग्नीत पाहिले, आणि या प्राण्याच्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरते. फरक इतकाच की, येथे अग्नी जठरात नसून पलंगामागच्या प्लगमध्ये असतो. हिवाळ्यातल्या वादळात रात्रभर वीज गेली, अथवा खोली झाडताना कोणी ती वायर काढून तेथे व्हॅक्यूम क्लीनर लावला, तर संध्याकाळी गिळलेले किडे पोटात तसेच पडून राहतात, कुजू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी ओकून बाहेर येतात. बाहेरच्या उष्णतेची ही सत्ता पोटापुरती नाही. अंडी सुमारे २६ अंशांवर उबवली तर बहुतेक माद्या जन्मतात आणि साडेबत्तीसच्या आसपास उबवली तर बहुतेक नर, म्हणजे जो प्राणी मुलगा की मुलगी हेसुद्धा जन्मापूर्वी थर्मोस्टॅटला विचारून ठरवतो, त्याने पुढे पचनाबाबत स्वावलंबी असावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणूनच या प्राण्याची पचनसंस्था तोंडापाशी सुरू होऊन शेपटीच्या मुळाशी संपते हे पाठ्यपुस्तकी वर्णन अपुरे वाटते. ती तेथून पुढे वायरमार्गे भिंतीपर्यंत जाते, भिंतीतून विजेच्या बिलापर्यंत जाते, आणि ते बिल भरणारा मनुष्य हा तिचा आकाराने सर्वांत मोठा व स्वभावाने सर्वांत चिंतातुर अवयव होय. गेकोला यकृत आहे, स्वादुपिंड आहे आणि मालक आहे. पैकी पहिले दोन अवयव रात्री झोपमोड करून घेत नाहीत.

या तिसऱ्या अवयवाचे काम घास तोंडात जाण्यापूर्वीच सुरू होते. गेको जिवंत, हलणारे किडेच खातो. भाजी त्याला चालत नाही आणि फळाकडे तो पाहतही नाही. बाजारात त्याच्यासाठी रातकिडे मिळतात, एका जातीच्या भुंग्याच्या अळ्या मिळतात, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेली डुबिया नावाची झुरळेही मिळतात, ज्यांचे गुणवर्णन करताना जाणकार भारावून जातात, कारण ही झुरळे गुळगुळीत भिंतीवर चढत नाहीत, रातकिड्यांसारखी रात्रभर किरकिरत नाहीत आणि फारशी घाणही मारत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात या टप्प्यावर थोडा तणाव निर्माण होणे स्वाभाविक आहे. ज्या गृहिणीच्या माहेरी आणि सासरी ओट्याखाली खडूच्या रेषा ओढून झुरळांशी पिढ्यानपिढ्या लढाई झाली, आणि डब्यातल्या पिठात अळी दिसताच ते पीठ चाळून उन्हात पसरले गेले, तिच्या घरी आता झुरळे पैसे मोजून टपालाने येतात आणि अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खाचांत, उबदार जागी, सन्मानाने ठेवली जातात. एवढेच नव्हे, तर त्यांना जेवूही घालावे लागते. गेकोच्या पोटात जे जायचे ते किड्याच्या पोटातूनच जाणार, म्हणून किडा देण्याच्या आदल्या दिवशी त्याला गाजर, रताळे, हिरवा पाला असे चांगलेचुंगले खाऊ घालून त्याचे पोट भरून ठेवण्याची पद्धत आहे. परिणामी घरातली मुले पिझ्झा खात असताना झुरळांच्या डब्यात मात्र ताजी कोशिंबीर जाते.

खाऊ घातलेला किडाही तसाच्या तसा देऊन चालत नाही. बहुतेक किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते, आणि हे प्रमाण उलटे म्हणजे कॅल्शियम दुप्पट असे असेल तरच गेकोची हाडे टिकतात, अन्यथा ती मऊ पडून वाकतात. कॅल्शियमचा संबंध हाडांपुरता नसून स्नायूंच्या आकुंचनाशीही आहे, त्यामुळे ते कमी पडले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठाचे मूळ कित्येकदा हाडांच्या आजारात सापडते. उपाय म्हणून जिवंत रातकिडा कॅल्शियमच्या पांढऱ्या भुकटीत, रव्यात घोळवलेल्या सुरमईच्या तुकडीप्रमाणे, दोन्ही बाजूंनी नीट घोळवावा लागतो. सुरमईची तुकडी उडी मारून फ्रिजखाली जात नाही, ही तिची मोठीच सोय लक्षात येण्यास एक रातकिडा पुरतो. किड्याचे आकारमान गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा अधिक नसावे असाही एक नियम सांगितला जातो, आणि सुशिक्षित, कमावती माणसे हातात चिमटा धरून एका डोळ्याने झुरळाकडे व दुसऱ्या डोळ्याने गेकोकडे पाहत ही मोजणी करताना आढळतात. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीतून उचलूनही घ्यावे लागतात, कारण गेको झोपला की ते त्यालाच कुरतडतात. ताटातले जेवण जेवणाऱ्याला चावते असा प्रकार अन्य पाळीव प्राण्यांत फारसा आढळत नाही.

एवढी दक्षता घेऊनही पोट अडतेच, आणि त्याचा दोष बरीच वर्षे वाळूवर ठेवला गेला. हा वाळवंटी प्राणी आहे अशी सोपी समजूत करून घेऊन लोक पेटीत वाळू पसरत, आणि तिच्यातली एक जात तर कॅल्शियमची असल्यामुळे खाल्ली तरी पचते अशा भरवशाने विकली जाई. प्रत्यक्षात गेकोचे मूळ रान खडकाळ व घट्ट मातीचे आहे, मोकळ्या वाळूचे नाही. आणि ज्याच्या अंगात कॅल्शियमची उणीव आहे असा प्राणी कॅल्शियमची वाळू हौसेने चाटतो, मग ती ओली होऊन आतड्यात घट्ट बसते. यालाच मलावरोध किंवा आतडे तुंबणे म्हणतात. मात्र वाळूच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांपैकी अनेकांच्या पेटीत गरम बाजू पुरेशी गरम नसते, हेही तितकेच खरे आहे. ज्याच्या पोटाखाली ऊब आहे, ज्याच्या अंगात पाणी आहे आणि ज्याची हाडे भक्कम आहेत, असा धडधाकट गेको किडा पकडताना तोंडात गेलेले चार खडे निमूटपणे पुढे सरकवून टाकतो. तरीही आजारी प्राण्याखाली स्वयंपाकघरातला कागदी टॉवेल अंथरावा, हा पशुवैद्यांचा सल्ला सर्वमान्य आहे, आणि तो स्वच्छतेइतकाच पुराव्यासाठी असतो, कारण कागदावर जे पडते ते नाकारता येत नाही.

तुंबलेल्या गेकोवरचा पहिला घरगुती उपचार म्हणजे स्नान. दही ठेवण्याचा एखादा प्लॅस्टिकचा डबा, जो यानंतर पुन्हा दह्यासाठी वापरला जाणार नाही, त्यात गेकोच्या कोपरापर्यंत येईल इतकेच पाणी घ्यावे, ते सुमारे ३० अंश असल्याची खात्री तापमापकाने करावी, त्यात प्राण्याला पंधरा-वीस मिनिटे उभे करावे, आणि ओल्या बोटाने पोटाच्या खालच्या भागावर पुढून मागे असे अत्यंत हलक्या हाताने चोळावे. गेकोचे वजन पन्नास ते ऐंशी ग्रॅम आणि मनुष्याचा अंगठा त्या मानाने अवाढव्य असल्यामुळे ‘हलक्या हाताने’ या शब्दांचा अर्थ येथे जवळजवळ न चोळण्याइतका हलका असा घ्यावा लागतो. प्राणी डब्याच्या काठावर पुढचे पाय टेकून, मान उंच करून, विजनवासात पाठवलेल्या संस्थानिकाच्या चेहऱ्याने समोरच्या भिंतीकडे पाहत राहतो. पाणी निवते, पुन्हा कोमट करावे लागते, गुडघे दुखू लागतात, आणि मग कधीकधी पाण्यात अचानक काहीतरी तरंगू लागते. त्या क्षणी स्नानगृहातून उठणारी आनंदाची आरोळी ऐकून घरातील इतरांना एखाद्या परीक्षेचा निकाल लागला असे वाटते, आणि एका परीने ते खरेही असते.

याच सुमारास पुण्याहून अथवा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा घरात असतील, तर उपचारपद्धतींचा संघर्ष अटळ होतो. आजींना गेकोविषयी काडीचेही प्रेम नसते, पेटी देवघराच्या भिंतीला लागून ठेवल्याबद्दल त्यांनी पहिल्याच दिवशी नापसंती नोंदवलेली असते, पण पोट साफ न होणे ही गोष्ट कोणत्याही जिवाच्या बाबतीत त्यांना सहन होत नाही. “अरे, झाली का रे त्याला?” असा प्रश्न नातवाला विचारला जातो, ‘काय’ हे सांगण्याची गरज नसते, आणि नकारार्थी मान हलताच बेंबीभोवती हिंग लावण्याची व एरंडेलाचा एक थेंब देण्याची सूचना पुढे येते. गेकोला बेंबी नसते, अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत तिची खूणही बुजून जाते, या शास्त्रीय मुद्द्यावर हिंगाचा प्रस्ताव बारगळतो. एरंडेल मात्र पशुवैद्याला विचारल्याशिवाय कोणतेही रेचक अथवा तेल तोंडाने द्यायचे नाही या नियमामुळे टळते, कारण इतक्या लहान प्राण्याच्या श्वासनलिकेत तेलाचा थेंब गेला तर पोटाचा प्रश्न कायमचाच सुटतो. आजींना हे पटत नाही. तीन मुले आणि पाच नातवंडे वाढवलेल्या स्त्रीला पालीच्या पोटात नवीन ते काय असणार, हे त्यांचे म्हणणे तर्काच्या दृष्टीने अगदीच चुकीचेही म्हणता येत नाही.

पोट मोकळे झाले की वाचन सुरू होते. गेकोच्या मलाचे दोन भाग असतात. एक तपकिरी, तो खरा मल, आणि दुसरा पांढरा, घट्ट, खडूसारखा, तो वास्तविक मूत्र असतो, कारण रुक्ष प्रदेशातील हे प्राणी पाणी वाचवण्यासाठी लघवी पातळ न करता युरिक आम्लाच्या गोळीच्या रूपाने बाहेर टाकतात. पांढरा भाग पिवळा पडला तर अंगातले पाणी कमी झाले असे समजावे. तपकिरी भाग पातळ, दुर्गंधीयुक्त अथवा न पचलेल्या किड्याच्या पायांसह आला तर उष्णता किंवा जंतू यांपैकी कोणाचा तरी दोष आहे असे समजावे. निसर्गाने येथे मालकावर एक उपकार केला आहे तो असा की, बिबट्या गेको आपल्या पेटीतला एकच कोपरा शौचासाठी ठरवून घेतो आणि सहसा तेथेच जातो, त्यामुळे कोणत्याही वेळी तो कोपरा पाहिला म्हणजे पुरते. मालक तो पाहतात, वहीत तारीख लिहितात, आणि छायाचित्र काढतात. एखाद्याच्या फोनमध्ये स्वतःच्या लग्नाची जितकी छायाचित्रे असतात तितकीच या कोपऱ्याची निघाली, आणि ती दाखवताना बोट चुकून एकीकडून दुसरीकडे सरकले, असे प्रसंग ऑफिसच्या जेवणाच्या सुटीत घडल्यास नवल नाही.

पशुवैद्याकडे नेण्याचा नमुना ताजा असावा लागतो आणि तो लगेच नेता आला नाही तर शीतकपाटात ठेवावा लागतो, ज्यावर घराघरांतून स्वतंत्र वाटाघाटी होतात. दवाखान्यात तो नमुना मिठाच्या अथवा साखरेच्या दाट द्रावणात कालवतात. जंतांची अंडी त्या द्रावणापेक्षा हलकी असल्यामुळे वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. सूतकृमींची थोडीफार अंडी निघाली तर पशुवैद्य विशेष घाबरत नाहीत, कारण थोडे जंत बाळगून गेको सुखाने नांदतो, पण मालकाला हा हिशेब पटवणे हे उपचारापेक्षा अवघड ठरते. पुढे औषधाची मात्रा मिलिलिटरच्या दशांशांत निघते. ते पाजण्याची युक्ती अशी की, थेंब गेकोच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवायचा. नाकावर काही आले की चाटून टाकण्याची त्याला सवय असल्यामुळे तो ते आपसूक गिळतो, आणि चव लक्षात आल्यावर मालकाकडे जी नजर टाकतो ती औषधाच्या संपूर्ण मुदतीत टिकते. सुई टोचायची तर ती पुढच्या पायात टोचण्याची परंपरा आहे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मागच्या भागातले काही रक्त आधी मूत्रपिंडातून फिरून मग पुढे जाते आणि औषधाचा काही भाग वाटेतच गळून जाण्याचा संभव असतो. ज्या अमेरिकेत १९९९ पासून एक बोलका गेको दूरचित्रवाणीवर मोटारींचा विमा विकत आला आहे, तेथे हे सारे बिल हातात पडल्यावर तीस-चाळीस डॉलरना विकत घेतलेल्या प्राण्याच्या पोटासाठी त्याच्या दहापट रक्कम आपण का भरीत आहोत हा विचार मालकाच्या मनात येतो, आणि कार्ड मशीनला लावेपर्यंत जातोही.

एका आजाराबाबत मात्र थट्टा आवरती घ्यावी लागते. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशी परजीवी आतड्याच्या अस्तरात घर करतो, अन्न अंगी लागू देत नाही, आणि चरबीने टरारलेली गेकोची शेपटी काही आठवड्यांत काडीसारखी होते. अर्नेस्ट एडवर्ड टायझर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये उंदरांत या परजीवींच्या कुळाची ओळख पटवली, आणि त्याच कुळातल्या माणसाला छळणाऱ्या भाईबंदांनी १९९३ मध्ये मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना आजारी पाडले. पालींमधली जात वेगळी असली तरी चिवटपणा तोच आहे. नेहमीच्या ब्लीचने तिचे बीज मरत नाही, खात्रीचे औषध नाही, आणि एका पेटीतला चिमटा दुसऱ्या पेटीत वापरला की ती तेथेही पोहोचते, म्हणून नवा प्राणी काही महिने वेगळा ठेवावा आणि प्रत्येक वेळी हात धुवावेत, हे दोन नियम गेको पाळणाऱ्यांनी सोवळ्यासारखे पाळावेत.

इतर वेळी मालकाला ज्याची धास्ती वाटते तो आजार नसून उपवास असतो. धडधाकट गेको हिवाळ्यात अथवा विणीच्या काळात आठवडेच्या आठवडे खात नाही, शेपटीत साठवलेल्या चरबीवर खुशाल राहतो, आणि वजन टिकून असेल तर त्यात काळजीचे काही नसते. पण ज्या संस्कृतीत पाहुणा दोन पोळ्यांवर थांबला तरी यजमानाचा चेहरा उतरतो, तीत वाढलेल्या मालकाला हे कसे सोसावे? स्वयंपाकघरातला काटा दर आठवड्याला काढून, आधी रिकाम्या डब्याचे वजन शून्यावर आणून, मग गेकोला डब्यात ठेवून आकडा वाचला जातो, आणि एक ग्रॅम कमी भरला की मेणअळ्या आणल्या जातात. या गुबगुबीत, चरबीदार अळ्या म्हणजे गेकोचे पेढे; त्यांची चटक लागली की तो साधे किडे नाकारतो, मालक घाबरून आणखी अळ्या देतो, आणि ज्याला अग्निमांद्य समजले होते तो निव्वळ लाड असतो.

खाणे लांबवण्याच्या या विद्येत सरड्या-पालींच्या कुळाने मनुष्यजातीला शिकवावे आणि मनुष्याने ते औषधाच्या दुकानात विकावे, हेही घडून चुकले आहे. अमेरिकेच्या वाळवंटातला गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा वर्षातून मोजक्याच वेळा जेवतो; त्याच्या विषात जॉन एंग या डॉक्टरांना १९९० च्या दशकाच्या आरंभी एक द्रव्य सापडले, जे मनुष्याच्या आतड्यातल्या एका संप्रेरकाशी, म्हणजे शरीराला संदेश पोहोचवणाऱ्या रसायनाशी, मिळतेजुळते होते, आणि त्यावरून बनवलेल्या मधुमेहाच्या औषधाला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध इतर गोष्टींबरोबर पोट सावकाश रिकामे होईल अशी व्यवस्था करते, आणि त्याच वर्गातली पुढची औषधे आज वजन उतरवण्यासाठी जगभर टोचून घेतली जातात. त्यामुळे एकाच घरात वडिलांनी पोट सावकाश चालावे म्हणून आणि गेकोने ते भरभर चालावे म्हणून औषध घेणे, आणि दोन्ही सुया शीतकपाटाच्या एकाच कप्प्यात असणे, ही कल्पना आता अतिशयोक्तीची राहिलेली नाही. लेबले तेवढी नीट लावावीत.

आता उरतो तो या व्यवस्थेतला सर्वांत नाजूक प्रसंग, म्हणजे बाह्य अवयव सुटीवर जाण्याचा. यकृताला दिवाळीसाठी मायदेशी जावे लागत नाही, मालकाला जावे लागते, आणि तीन आठवड्यांसाठी त्या जागी शेजाऱ्याचे प्रत्यारोपण करावे लागते. त्यासाठी लिहून ठेवलेला सूचनांचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला असतो. थर्मोस्टॅटच्या बटणाला हात लावू नये. पाणी रोज बदलावे. झुरळे एक दिवसाआड चार, भुकटी लावून. भुकटी दोन प्रकारच्या असून निळ्या झाकणाची आठवड्यातून एकदाच, कारण तिच्यात ड जीवनसत्त्व आहे आणि ते जास्त झाले तरी वाईट. अंगणात काजवे दिसले तर कौतुकाने पकडून देऊ नयेत, कारण त्यांच्यातले विष पालीला मारते. कात टाकल्यावर तो ती स्वतःच खाईल, तेव्हा ओरडू नये. डाव्या कोपऱ्यात काही दिसल्यास छायाचित्र पाठवावे, चार दिवस काही न दिसल्यास फोन करावा, भारतात रात्र असली तरी करावा. शेजारी सज्जन असतो, कागद पुन्हा पुन्हा वाचतो, मान डोलावतो, किल्ली घेतो. मुंबईच्या विमानतळावर सामानाची वाट पाहत असताना मालकाच्या फोनवर त्याचा पहिला संदेश येतो, आणि त्यात काळजीचे काहीच नसते. फ्रिजमधली गाजरे झुरळांची आहेत की गेकोची, आणि दोघांपैकी कोणाचीही नसल्यास शनिवारी त्यांचा हलवा केला तर चालेल का, एवढेच त्याला विचारायचे असते.